दोन्ही पाकळ्या

१

दरवर्षी अक्षय्य तृतीया झाली की आमचा पाट पेणजवळ जोह्याला जातो. पाट म्हणजे गणपतीचा. शिसवी, जड, ह्यांच्या आजोबांच्या वेळचा. पुंडलिकच्या कारखान्यात तो पोचवायचा, त्याच पाटावर तो आमची शाडूची मूर्ती करणार आणि चतुर्थीच्या सकाळी पाटासकट ती रोह्याला घरी आणायची. लग्न होऊन आले तेव्हापासून यात खंड नाही. पाट मागच्या सीटवर, हे गाडी चालवायला, मी शेजारी, आणि नागोठणं येईपर्यंत कशावरून तरी भांडण, हेही ठरलेलं.

त्या वर्षी भांडायला विषय झकास होता. आमची केतकी व्हिएन्नाला असते. तिला बाळ झालं होतं आणि आम्ही तिच्याकडे महिनाभर जाणार होतो. महिना आपला म्हणायला. तो बाळंतिणीचं आणि बाळाचं करण्यातच जायचा. मधे जावयाला जोडून सुट्टी होती, तेवढ्यात आम्ही दोघांनी एक शहर बघून यावं, असं केतकीचं म्हणणं. प्राग किंवा बुडापेस्ट. एक या दिशेला, दुसरं त्या दिशेला. दोन्हींना पुरेल एवढा वेळ नव्हता आणि काय ते त्या संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

मला बुडापेस्ट हवं होतं. मी रोह्याच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला. डॅन्यूब नदी फळ्यावर इतक्यांदा काढली आहे की डोळे मिटून काढेन. ती एखाद्या शहराच्या मधून वाहताना एकदा बघायची होती.

"डॅन्यूब व्हिएन्नातही आहे," हे म्हणाले. "केतकीच्या घरून चालत जा आणि बघून ये."

"तिथे ती कडेकडेने जाते."

"मग तू मधे उभी राहा."

ह्यांना प्राग हवं होतं. हे धाटावला एका केमिकल कंपनीत होते. तिथे फार पूर्वी ड्रायर बसवायला एक चेक इंजिनियर आला होता. आमच्याकडे वालाचं बिरडं खाऊन गेला आणि जाताना ह्यांना म्हणाला, प्रागला या, पुलावर फिरू. तो बिचारा केव्हाच वारला, पण ह्यांच्या डोक्यात तो पूल बसला तो बसलाच.

जोह्याला पोचलो तरी वाद मिटला नव्हता. पुंडलिकने आमच्यासमोर साच्यातून मूर्ती काढली आणि आमच्या पाटावर ठेवली. ओली, राखाडी, डोळे न आखलेली. तो हात धुवायला मागे गेला. ह्यांचं आजोळ रत्नागिरीकडचं. तिकडे म्हैस हरवली तरी देवाला कौल लावतात. ह्यांनी दारातल्या जास्वंदीच्या दोन पाकळ्या तोडल्या, पाण्यात बुचकळल्या आणि मूर्तीच्या दोन खांद्यांवर चिकटवल्या.

"उजवी पडली तर प्राग, डावी पडली तर बुडापेस्ट. बोला महाराज!"

"अहो, काहीतरीच काय!"

"आवो भाऊ, ह्ये काय करता?" पुंडलिकची म्हातारी आई, धोंडुबाई, दारातून लगबगीने पुढे आली. "कच्च्या मूर्तीला कौल नाय लावत. अजून कोनी आत आलेला नाय त्याच्यान."

"मग रिकाम्या घरालाच विचारतोय. कोण रागावणार?" हे हसले.

तेवढ्यात पाकळ्या पडल्या. दोन्ही पडल्या, आणि एकदम पडल्या. पाटावर एकच आवाज झाला.

मी लगेच कारण शोधलं. ओली पाकळी, गुळगुळीत माती, वर पंख्याचा वारा. पडणारच. मग वर बघितलं, तर पंखा थांबलेला होता. केव्हा तरी वीज गेली होती आणि बोलण्याच्या नादात आम्हाला कळलं नव्हतं.

"दोनी पडल्या तर परत लावायचा आसतो," धोंडुबाई म्हणाली. "आसं अर्ध्यावर उठून जायचं नाय."

पण ह्यांनी केतकीला फोन लावलासुद्धा होता. "अगं, दोन्ही पडल्या! आता काय करू?" तिकडून ती खो-खो हसली. म्हणाली, दोन्हीकडची तिकिटं काढून ठेवते, तुमचं ठरलं की एक रद्द करू.

वडखळला चहाला थांबलो तेव्हा ह्यांनी माघार घेतली. "चल. तुझं बुडापेस्ट." माझा माणूस असा आहे. जोरजोरात भांडतो आणि शेवटी माझ्याच बाजूला येऊन बसतो. त्या आनंदात पुन्हा कौल लावायचं कोणाच्याही मनात आलं नाही.

२

बुडापेस्टला नदी खरंच मधून वाहते. केवढी मोठी, आणि किती शांत. मला रडू आलं. ह्यांनी नेहमीप्रमाणे ते बघितलंच नाही असं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून, आम्ही काठावरच्या बाकावर बसलो होतो. थंडी नव्हती, पण मी माझी जांभळी शाल घेतली होती. हे केतकीने दिलेल्या छोट्या सुरीने सफरचंद कापत होते. मी ह्यांच्या डाव्या हाताला बसले होते. एकाएकी हे उजवीकडे वळले.

"हं? काय गं?"

तिकडे कोणी नव्हतं. रस्ता, एक सायकल आणि कठडा.

"मी काही बोलले नाही."

"बोललीस की. 'अहो, थांबा ना जरा.'"

त्या वळण्यात सुरी अंगठ्यात गेली होती. चांगलीच गेली होती. मी माझा निळ्या काठाचा हातरुमाल दातांनी फाडला, अर्धा अंगठ्याला घट्ट बांधला आणि उरलेला अर्धा पर्समध्ये टाकला. बांधत असतानाही ह्यांची मान तिकडेच होती.

"तुझाच आवाज होता," हे म्हणाले. "कुठेतरी दुखतंय तुला, असा."

मी म्हटलं, कानात दडे बसले असतील. विमानाचे. विमानातून उतरून कितीतरी दिवस झाले होते, तरी म्हटलं.

३

व्हिएन्नाच्या स्टेशनवर उतरताना दारात गर्दी होती. "तू सावकाश ये, मी खाली उभा राहतो," असं म्हणून हे पुढे उतरले. ह्यांची रुमाल बांधलेली मूठ मी दाराच्या दांडीवर बघितली आणि मग ती गर्दीत दिसेनाशी झाली.

मी बॅग घेऊन उतरले तर हे नव्हते. फलाटाच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक गाडी येऊन उभी होती. तिच्यातून उतरलेली माणसं आणि आमची माणसं एकमेकांत मिसळत होती. तिच्या डब्यावरची पाटी मला वाचता येत होती. ती प्रागहून आली होती.

त्या बाजूने हे आले.

"इतक्या पुढे कशी आलीस गं, लंगडत लंगडत?"

मला वाटलं, थट्टा करतायत. मी म्हटलं, "म्हातारी झाले ना!" ते हसले नाहीत. वाकून माझ्या पायाकडे बघत राहिले. मग बॅग घ्यायला त्यांनी हात पुढे केला.

अंगठ्याला रुमाल नव्हता.

सुटला असेल, पडला असेल, असं म्हणत मी तो हात हातात घेतला. अंगठा कोरा होता. ओरखडासुद्धा नव्हता. हात ह्यांचाच होता, नखं ह्यांचीच, बोटाजवळचा ॲसिडचा जुना डागही ह्यांचाच.

"काय बघतेस?"

"काही नाही."

त्या 'काही नाही'पासून सगळं सुरू झालं. तेव्हाच ओरडले असते तर कदाचित फलाटावरच हे सापडले असते. गर्दी तोवर पांगली नव्हती.

४

"एका खेपेत दोन्ही शहरं कशी केलीत तुम्ही?" केतकीने घरात शिरताच विचारलं. बाळ तिच्या खांद्यावर होतं. "आईचे फोटो बुडापेस्टचे आणि बाबांचे प्रागचे! फसवता ना मला? बाबा, कुठून तरी शोधून पाठवलेत ना?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे.

"एक तिकीट रद्द करायचं होतं ना?" मी विचारलं.

"राहिलंच गं. बाळाच्या गडबडीत विसरले मी. जाऊ दे आता."

ते अंघोळीला गेले तेव्हा मी त्यांचा फोन उघडला. त्यात एक पूल होता. दोन्ही कठड्यांवर काळे पडलेले दगडी पुतळे. एका पुतळ्याच्या पायाशी एक बाई पाठमोरी उभी होती. एका हाताने कठडा धरलेला, डावं पाऊल जरा उचललेलं. अंगावर जांभळी शाल होती. अंबाड्याला माझी शिंपल्याची पिन होती.

मी हात मागे नेऊन पिन चाचपली. ती अंबाड्यातच होती.

मी पडले शिक्षिका. मला वेड लागण्याआधी पुरावा लागतो. मी पर्स उघडली. अर्धा रुमाल होता, काठ निळा, फाटलेल्या कडेवर रक्ताचा ठिपका वाळून तपकिरी झालेला. मी बुडापेस्टला होते. ह्यांच्याबरोबर होते. हे नक्की. मग बाथरूममध्ये जो माणूस गुणगुणत अंघोळ करत होता, तोही तितक्याच खात्रीने माझ्याबरोबर प्रागला होता.

५

रोह्याला परत आलो. अष्टमी गावाच्या बाजूला, नदीच्या अलीकडे आमचं घर आहे. तेच घर, तीच झोपाळ्याची कडी, तीच शेजारची इंदुबाई. आणि माणूसही तोच. बशीतून चहा पिणारा, पेपर शेवटच्या पानापासून वाचणारा, माझ्या बोलण्यावर 'बरं बरं' म्हणून आपलंच करणारा. काही वेगळं असतं तर बरं झालं असतं. बोट ठेवायला जागाच नव्हती. एक अंगठा सोडला तर.

त्यांनाही जागा नव्हती. एक माझा पाय सोडला तर.

मी भराभर चालले की ते अस्वस्थ व्हायचे, हे माझ्या लक्षात आलं. बाजारातून येताना ते मागे राहून माझी पावलं बघायचे. एकदा मला त्यांची फार दया आली आणि मी अंगणातून येता येता थोडं लंगडले. त्यांचा चेहरा एकदम खुलला. तेल कोमट करून आणलं, खाली बसले, माझं पाऊल मांडीवर घेतलं. चोळता चोळता त्यांचा हात थांबला.

"डावा," ते हळूच म्हणाले. "डावा मुरगळला होता."

मी उजवा पुढे केला होता.

त्यांनी माझा डावा पाय उचलून मांडीवर घेतला आणि तोही चोळला, अगदी मन लावून. माझ्या डोळ्यांना धार लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या अंगठ्याला औषधाची पट्टी होती. मी कसं लागलं ते विचारलं नाही. अंघोळीनंतर ती पट्टी मोरीच्या फळीवर सापडली, कोरी, आतून पांढरीशुभ्र.

असे आम्ही राहत होतो. एकमेकांच्या समजुतीसाठी मी लंगडत होते आणि ते पट्टी लावत होते.

६

आषाढात एका दुपारी मी ह्यांच्या नंबरवर फोन लावला.

ते परसात अळूला माती लावत होते. त्यांचा फोन माझ्यासमोर झोपाळ्यावर होता. नंबर तोच. मला फक्त बघायचं होतं. काय बघायचं होतं, तेही मला सांगता आलं नसतं. माझ्या कानात घंटी वाजू लागली. झोपाळ्यावरचा फोन गप्प होता. पडद्यावर उजेडही आला नाही.

कानातली घंटी वाजत राहिली आणि मग कोणीतरी फोन उचलला.

पहिल्यांदा नुसतीच गलबल होती. उंच छपराखाली पुष्कळ माणसं चालत असावीत, तशी. कोणीतरी मोठ्या आवाजात एका भाषेत काहीतरी सांगत होतं आणि मग तेच दुसऱ्या भाषेत.

"हं, बोल गं," हे म्हणाले.

"अहो, कुठे आहात?"

"कुठे म्हणजे? इथेच तर…" आणि आवाज बदलला. सावध झाला. अनोळखी माणसाशी हे ज्या आवाजात बोलतात, त्या आवाजात ह्यांनी मला विचारलं, "कोण बोलतंय?"

मागून कोणीतरी काहीतरी म्हटलं. हे वळले असावेत, कारण ह्यांचा श्वास फोनपासून लांब गेला. मग काहीच नाही.

मी पुन्हा फोन लावला. या वेळी झोपाळ्यावरचा वाजला. ते मातीने भरलेले हात झटकत धावत आले आणि दारातच थांबले. माझ्या कानाशी फोन, त्यांच्या फोनवर माझं नाव. मी अजून कोणाला शोधते आहे, ते त्यांना कळलं होतं.

७

चतुर्थीच्या सकाळी मूर्ती आणायला निघालो. किल्ली इंदुबाईकडे दिली. निडीचं स्टेशन गेलं, नागोठणं गेलं, तरी भांडण नाही. डोलवीच्या कारखान्याच्या चिमण्या दिसायला लागल्या तेव्हा त्यांनी समोर बघतच म्हटलं, "रागवू नकोस. पण तू ती नाहीस ना?"

"नाही," मी म्हटलं. "आणि तुम्हीही नाही."

गाडी जराही इकडेतिकडे झाली नाही. हात स्टिअरिंगवर घट्ट होते. "तू वाईट नाहीस गं. अजिबात नाही. पण ती तिथे पायाने अधू झालेली, आणि मी तिला फलाटावर सोडून पुढे आलो. मला ती हवी."

"मला माझे हवेत," मी म्हटलं. एवढं उघड मी आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं.

मग दोघांनाही एकदम धोंडुबाई आठवली. दोन्ही पडल्या तर परत लावायचा असतो. मूर्ती अजून घरी गेली नव्हती, तिची पूजा झाली नव्हती. त्याच पाटावर ती बसलेली असेल. पेणच्या गर्दीतून त्यांनी गाडी अशी काढली की एरवी मी ओरडले असते. मी पर्समधला अर्धा रुमाल मुठीत धरून बसले होते.

जोह्याच्या कारखान्यात मूर्ती नेणाऱ्यांची झुंबड होती. पुंडलिकने आम्हाला बघितलं आणि तो गोंधळला.

"काका? काय ऱ्हायलं का न्यायचं?"

"आमची मूर्ती, पुंडलिक."

"ती तर उजाडताना न्हेली ना तुमी. तुमचाच पाट, मी दुसऱ्याला दीन व्हय? बाईंचा पाय दुखत व्हता म्हनून मीच गाडीत ठेवली."

"ह्यांच्या हाताला काही होतं का रे?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"व्हय, अंगठ्याला कापल्याचा वन व्हता. मीच इचारला, काका, काय लागलं…" बोलता बोलता त्याची नजर माझ्या शेजारच्या हातावर गेली.

धोंडुबाई भिंतीशी बसली होती. तिने मला जवळ बोलावलं, माझ्या चेहऱ्याकडे आणि मग पायांकडे बघितलं.

"तुमी कंच्या, बाई?"

मी तिचे हात धरले. "कौल परत लावायचा आहे, आजी. एवढं करा."

"मी काय करनार? मूर्ती हितं कुठं हाय?" तिने माझे हात सोडवले, पण रागाने नाही. "ती बसायच्या आत पोचा. एकदा कोनी आत आला, का मंग त्याला मागचा कायच ठाव नसतो."

८

महामार्गावर गणपतीची गर्दी होती. प्रत्येक गाडीत मांडीवर मूर्ती घेऊन कोणीतरी बसलेलं. आमची मागची सीट रिकामी होती. ते हॉर्नवरचा हात काढत नव्हते. वडखळला अडकलो, नागोठण्याला अडकलो. ऊन डोक्यावर आलं.

फाटकाशी पोचलो तेव्हा आतून टाळ्या आणि झांजा ऐकू आल्या. आरती शेवटाला आली होती.

दारात मी न बांधलेलं तोरण होतं. उंबऱ्याशी मी न काढलेली रांगोळी होती. तिच्यातल्या कमळाची एक पाकळी तिरकी गेली होती, माझी नेहमी जाते तशी. इंदुबाईचा भसाडा आवाज सगळ्यांच्या वर होता. नारळाचा आणि गुळाचा वास बाहेरपर्यंत येत होता. आम्ही दोघं तुळशीपाशी उभे राहिलो. पुढे जायचा धीर झाला नाही.

आमच्याकडे आरती झाली की ताट आधी तुळशीला दाखवतात. घरातल्या कर्त्या पुरुषाने एकट्याने बाहेर यायचं, अशी रीत आहे.

हे बाहेर आले.

सोवळं नेसलेले, कपाळाला गंध, हातात ताट. ताटाच्या कडेवर अंगठा होता आणि अंगठ्यावर आडवा पांढरा व्रण होता. मला बघून हे थांबले. कापूर जळत होता. घरात टाळ्या चालूच होत्या.

दोन्ही पुरुषांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

मी मूठ उघडली. अर्धा रुमाल पुढे केला. "मीच बांधला होता. बाकावर. आठवतं ना?"

ह्यांचे ओठ हलले. मला ओळखलं. देवाशपथ ओळखलं, डोळ्यांत ते लख्ख दिसलं. हे एक पाऊल माझ्याकडे आले, ताट माझ्यापुढे धरलं आणि मी दोन्ही हातांनी ती ऊब घेऊन डोळ्यांना लावली. किती दिवसांनी मी त्या हाताच्या इतकी जवळ होते.

"चला," मी म्हटलं. "आपण जाऊ."

"कुठे?" ह्यांनी विचारलं, अगदी साधेपणाने.

मी जन्मभर मुलांना दिशा शिकवल्या आणि आपल्याच अंगणात मला एकही जागा सुचली नाही. घर तर हेच होतं.

तेवढ्यात आतून हाक आली.

"अहो, आणा ना ताट. सगळे थांबलेत."

माझा आवाज. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचेल असा थोडा वर उचललेला. आणि त्याच्या तळाशी, उभं राहून पाय दुखल्यावर येतो, तो कातरपणा.

आयुष्यभर हे या आवाजाला वळले आहेत. पेपर वाचताना, गाडी चालवताना, त्या नदीकाठी. आताही वळले. आणि माझ्या शेजारचा माणूसही वळला. दोघेही वळले, एकदम, आणि दाराकडे चालू लागले.

मी हाक मारली. "अहो!"

आवाज तोच होता. त्यात काडीचाही फरक नव्हता.

उंबऱ्याशी दोघेही थांबले. चौकटीच्या उजव्या बाजूला ते, माझे पाय चोळणारे. डाव्या बाजूला हातात ताट घेतलेले माझे. दोघांच्याही पाठी माझ्याकडे होत्या. आतल्या टाळ्या थांबल्या होत्या आणि आतही कोणीतरी माझ्यासारखंच वाट बघत होतं.

वारा अजिबात नव्हता. ताटातली ज्योत सरळ उभी होती.

एकच, मी मनात म्हटलं. देवा, या वेळी एकच वळू दे. डावा.